साठ पायऱ्यांचं बक्षीस

...आणि वर मलाच विचारतात, "आबा, तुम्ही उभं आयुष्य दस्त लिहिण्यात घालवलं, तुम्हाला कळायला नको होतं?" आता बोला! अहो, मी दस्त लिहिणारा माणूस. कचेरीबाहेर टेबल मांडून तेहतीस वर्षं बसलो. लोक सांगतील ते लिहायचं, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, सह्या घ्यायच्या आणि मोकळं व्हायचं. उद्या कुणी येऊन म्हणाला, पूर्वेस समुद्र लिहा, तर मी एकदाच विचारीन, धुळ्यात? हो म्हणाला तर लिहीन. आपल्याला काय करायचंय? पण नाही. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि आमच्या देवपुरातल्या त्या बिल्डिंगीत माझंच डोकं सगळ्यांना जवळ पडतं, कारण मी राहतो दुसऱ्या मजल्यावर, माणकचंदशेठ तिसऱ्यावर, आणि जिना चढताना ज्याला म्हणून धाप लागते तो माझ्या दारातल्या खुर्चीवर येऊन टेकतो. टेकतो तर टेकतो, वर बोलतो. गेला महिनाभर मी त्या खुर्चीवरनं एकच वाक्य ऐकतोय, "ट्रस्ट काही नातेवाईक नाही."

कुठला ट्रस्ट? सांगतो, सांगतो, घाई करू नका, मलाच कळायला महिना लागला.

माणकचंदशेठ म्हणजे गल्ली नंबर चारमधले कापडवाले. वय चौऱ्याहत्तर. ही बिल्डिंग त्यांनीच बांधली, एकेक वीट उन्हात उभं राहून मोजून घेतली, लिफ्ट तेवढी ठेवली नाही, म्हणाले, माणसाला पाय कशाला दिलेत? पुढे देवाने ऐकलं, आणि चंदनबाईंचे गुडघे गेले. चंदनबाई म्हणजे शेठाणी. दिवाळीत त्या वर चढल्या त्या चढल्या, परत खाली उतरल्याच नाहीत. साठ पायऱ्या आहेत हो, मी मोजल्यात, चाळीस माझ्या दारापर्यंत आणि वीस पुढे. बाई खिडकीत बसायच्या आणि खालून जाणाऱ्या भाजीवाल्याशी वरनं भांडायच्या, तेवढंच त्यांचं बाहेर जाणं उरलं होतं.

तेही चाललं असतं. पण या वर्षी चंदनबाईंची धाकटी बहीण यायची होती. धाकटी बहीण म्हणजे पाहुणी नव्हे, साध्वी. संसारातलं नाव शीतल. एकतीस वर्षांपूर्वी दीक्षा घेतली, तेव्हापासून पायी फिरतायत, आज राजस्थान, उद्या गुजरात, आणि या वर्षीचा चातुर्मास, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने एका गावी मुक्काम, तो नेमका आमच्या देवपुरातल्या जैन स्थानकात, साधू-साध्वी उतरतात त्या जागी. चंदनबाईंचं मागणं एवढंच, की बहीण गोचरीला, म्हणजे भिक्षेला निघाली, की एकदा तिच्या पात्रात आपल्या हाताने पोळी वाढायची. एकतीस वर्षांत जमलं नव्हतं. पण साध्वीजी झाल्या सदुसष्टच्या, त्यांचेही गुडघे गेलेले. एक बहीण वर, एक बहीण खाली, दोघींचे मिळून चार गुडघे, चारही निकामी, आणि मध्ये साठ पायऱ्या. स्थानकातून निरोप आला होता, साध्वीजी जिना चढणार नाहीत. चंदनबाईंनी त्या दिवशी भाजीवाल्याशीही भांडण काढलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शेठ माझ्या खुर्चीवर बसून म्हणाले.

आता तळमजला रिकामा होता बरं का. तिथे मुलांची शिकवणी चालायची, ते शिकवणीवाले मार्चमध्ये सोडून गेले. मग शेठांनी डोकं चालवलं. सोपं काम. तिसरा मजला शेठांचा, तळमजला ट्रस्टचा. अदलाबदल करू. तिसरा ट्रस्टला द्यायचा, तळमजला आपण घ्यायचा, एक पैसा इकडून तिकडे नाही. गावाकडे नाही का करत, तुझा बांधाकडचा तुकडा मला दे, माझा विहिरीजवळचा तुला घे? मी शंभर तसले कागद लिहिलेत.

पण ट्रस्ट आला कुठून? इथेच तर गंमत आहे. चार वर्षांपूर्वी एक महाराजसाहेब आले होते, त्यांनी प्रवचनात परिग्रहावर सांगितलं, म्हणजे माणूस किती साठवतो, किती धरून बसतो, त्यावर. वाणी अशी की माझ्यासारख्या पाटलालासुद्धा वाटलं, घरातलं जुनं कपाट कुणाला तरी देऊन टाकावं. शेठ तर सरळ उभेच राहिले. भर सभेत हात जोडून म्हणाले, आजपासून माझ्या नावावर राहायला एक घर आणि पोटापुरतं, बाकी काही माझं नाही. नियम घेतला. सभेत सगळ्यांनी अनुमोदना दिली, चंदनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग शेठ दुकानात परत येऊन गल्ल्याजवळ बसले आणि विचार करायला लागले की बाकीचं आता ठेवायचं कुठे.

म्हणून परिवाराचा ट्रस्ट काढला. दुकान ट्रस्टचं, बिल्डिंग ट्रस्टची, फक्त तिसरा मजला स्वतःचा. लाभार्थी कोण? बायको, मुलगा अर्पित, सून जिनल आणि नातवंडं. ट्रस्टी अर्पित. झालं. शेठ मोकळे. पॅनकार्ड काढलं ट्रस्टचं, बँकेत खातं काढलं, दरवर्षी रिटर्न भरतो ट्रस्ट, शेठ कौतुकाने सांगायचे, पोटच्या पोरापेक्षा वेळेवर वागतो. माझं भाडंसुद्धा तेव्हापासून ट्रस्टला जातं. पावती चांगली छापील मिळते, एवढा एक फायदा.

तर अदलाबदलीचं शेठांनी अर्पितच्या कानावर घातलं. अर्पित राहतो पहिल्या मजल्यावर, गुणी मुलगा, आवाज चढवत नाही, पण त्याची एक खोड आहे. काही अवघड बोलायचं असलं की चष्मा काढतो. चष्मा काढला आणि म्हणाला, "पप्पा, मी मुलगा म्हणून नाही बोलत, ट्रस्टी म्हणून बोलतोय." शेठ म्हणाले, मग मुलाला बोलाव, मला त्याच्याशी बोलायचंय. नाही जमलं. म्हणाला, आधी जळगावला हितेंद्रभाईंना विचारू.

हितेंद्रभाई म्हणजे सीए. ट्रस्ट त्यांनीच उभा केला. गेलो आम्ही तिघं. मी का गेलो? कारण मूळ दस्त मी लिहिला होता म्हणे! बसने गेलो, कारण नियम घेतल्यापासून शेठांची गाडीही ट्रस्टची झालीय, आणि ट्रस्टची गाडी शेठ वापरत नाहीत. पारोळा, एरंडोल, मध्ये एका केळीच्या ट्रकमागे पाऊण तास, आणि मग ऑफिसात एसी असा लावलेला की मला मफलर आठवला. हितेंद्रभाई एकदम मऊ बोलतात, सायीवरनं सुरी फिरवावी तसं. सगळं ऐकलं, कॉम्प्युटरवर काही बघितलं, आणि विचारलं, शेठजी, तळमजल्याचा सरकारी दर माहितीये? तिथे शिकवणी चालायची, म्हणजे व्यापारी गाळा. तुमचा तिसरा मजला राहता. दोघांच्या सरकारी किमतीत तीस लाखांचा फरक आहे. कमी किमतीचं देऊन जास्त किमतीचं घेताय, तर वरचे तीस लाख तुम्हाला ट्रस्टकडून बक्षीस मिळाले असं कायदा धरतो, आणि ते तुमचं उत्पन्न.

बक्षीस! शेठांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या माणसाने ती बिल्डिंग बांधली, जी स्वतःच्या हाताने ट्रस्टला दिली, त्यातला एक मजला त्यालाच मिळतो, तोही आपला वरचा मजला देऊन, तर बक्षीस? कुठल्या शर्यतीत पहिले आले हो ते?

कर किती बसेल विचारलं. साधारण नऊ लाख, सेस वेगळा, मुद्रांक वेगळा, आणि अदलाबदल म्हणजे विक्रीच, तर तिसऱ्या मजल्याच्या नफ्याचा कर आणखी वेगळा. शेठ कापडाचे व्यापारी, बोटावर हिशोब. त्यांनी भागाकार केला आणि मला हळूच म्हणाले, आबा, पायरीमागे पंधरा हजार पडतात. आणि तेही उतरायचे.

मग शेठांनी पुस्तकातलं शेवटचं हत्यार काढलं. म्हणाले, अहो पण घरच्या माणसाकडून मिळालं तर कर नसतो ना? मी वाचलंय. हितेंद्रभाई म्हणाले, बरोबर वाचलंय, नातेवाइकाकडून मिळालं तर माफ. आणि मग ते वाक्य, "पण ट्रस्ट काही नातेवाईक नाही."

मग नातेवाईक कोण? तर हितेंद्रभाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बायको. भाऊ, बहीण. बायकोचे भाऊ, बहीण. आईवडिलांचे भाऊबहीण. वरचे पणजोबापर्यंत, खालचे पणतूपर्यंत. आणि या सगळ्यांचे नवरे, बायका. शेठ मध्येच थांबवून म्हणाले, बायकोचा भाऊ? म्हणजे भुसावळचा प्रेमराज? आता प्रेमराज म्हणजे शेठांचा मेहुणा, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं बोलणं नाही, अर्पितच्या लग्नाला आला नाही, नातवाच्या बारशाला आला तर जेवला नाही. तो नातेवाईक? हितेंद्रभाई म्हणाले, कायद्याने पक्का. शेठ म्हणाले, आणि ज्याला मी जन्म दिला, माझ्या वडिलांचं नाव दिलं, ज्याला सगळं अंगावरचं काढून दिलं, तो ट्रस्ट? नाही हो शेठजी, ट्रस्ट काही नातेवाईक नाही.

उलट, हितेंद्रभाई समजावत होते, तुम्ही तिसरा मजलाही ट्रस्टला देऊन टाका, एक रुपया कर नाही, कारण तो फक्त तुमच्या घरच्यांसाठी काढलेला ट्रस्ट आहे, त्याला दिलेलं माफ. तुम्ही द्या. हवं तेवढं द्या. घ्यायला गेलात की उत्पन्न. शेठ म्हणाले, देऊन टाकलं तर मी राहू कुठे? यावर हितेंद्रभाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले, कारण त्याचं कलम कुठेच नव्हतं.

बरं, मग मलाही लाभार्थी करून टाका ना, शेठ म्हणाले, घालायचं एक नाव. तेव्हा हितेंद्रभाईंनी मूळ दस्त काढला, पान उलटलं, आणि मोठ्यांदा वाचलं, "प्रस्तुत निर्माता सदर मिळकतीतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कणमात्र लाभ आजन्म घेणार नाही, व ही अट कोणासही, कधीही, कोणत्याही कारणाने बदलता येणार नाही." निर्माता म्हणजे शेठ. वाचून झालं आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. शेठ, अर्पित आणि सीए. अहो, हितेंद्रभाईंचा मसुदा साधा दोन ओळींचा होता, त्यात मागे यायला वाट होती! शेठच नियमाच्या भरात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, आबा, जरा कडक करा, उद्या माझं मन फिरलं तरी दार उघडता कामा नये. मी केलं कडक. 'कणमात्र' हा शब्द माझा आहे, कबूल आहे. त्या वेळी शेठांना इतका आवडला होता की त्यांनी पन्नास रुपये जास्त दिले होते.

परतीच्या बसमध्ये शेठ तोच हिशोब पुन्हा पुन्हा बोटांवर करत बसले. पैशाचं नव्हतं हो फक्त. नऊ लाख कुठूनतरी उभे केले असते, अर्पितने कर्ज काढलं असतं, पण शेठांच्या मनात दुसराच काटा होता. सरकार म्हणतं तीस लाखांनी तुमचं वाढलं. म्हणजे नियम मोडला? सभेत हात जोडले होते त्याचं काय? एरंडोल गेल्यावर म्हणाले, "आबा, सोडताना कुणी अडवलं नाही." मी म्हटलं, सोडताना कुणीच अडवत नाही शेठ. मग आम्ही पारोळ्याला उतरून चहा घेतला. पैसे मी दिले.

घरी चंदनबाईंनी काय झालं विचारलं. शेठ म्हणाले, बघू. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात 'बघू' म्हणजे काय हे बाईंना माहीत. त्या इतकंच म्हणाल्या, चातुर्मास बसायला बारा दिवस राहिले, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. शेठ खाली माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि, काय सांगू, माणूस रडला हो. कापडाच्या भावावरून कधी पापणी न हललेला माणूस. म्हणाला, तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलं काय, तर खाली उतरायला. आणि माझ्या हातात खालचं काही ठेवलंच नाही मी.

पुढचे दहा दिवस नुसता घोळ. अर्पित म्हणतोय मूल्यांकन परत करून घेऊ. कुणी म्हणतंय प्रेमराजला मध्ये घाला, तो नातेवाईक आहे, आधी त्याला द्या, मग त्याने तुम्हाला... शेठ म्हणाले, त्याच्या हातून घेण्यापेक्षा मी साठ पायऱ्या लोळत जाईन. आणि त्यालाही ट्रस्टकडूनच घ्यावं लागलं असतं, आणि ट्रस्ट त्याचाही नातेवाईक नाही!

आणि या सगळ्यात दगडीबाई. दगडीबाई शिरपूरकडच्या डोंगरातली, सगळ्या मजल्यांवर धुणंभांडी तिच्याकडे. एवढे दिवस फरशी पुसत पुसत सगळं ऐकत होती. अकराव्या दिवशी अर्पित वर कागद घेऊन बसलेला, शेठ, मी, चंदनबाई. दगडीबाईने फडकं पिळलं आणि म्हणाली, "खाले ऱ्हावाले कागद कसाले लागस?" खाली राहायला कागद कशाला लागतो, असं विचारत होती ती. आम्ही हसलो. चंदनबाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्पितकडे बघितलं आणि विचारलं, तू पहिल्या मजल्यावर राहतोस, तोही ट्रस्टचाच ना? मग तू कुठली अदलाबदल केलीस? अर्पितने चष्मा काढला. म्हणाला, नाही मम्मी, मी लाभार्थी आहे, लाभार्थ्याने राहायला काही लागत नाही, ट्रस्टीने परवानगी दिली की झालं.

"मग मी कोण?"

अर्पितने दस्त उघडला. वाचला. परत वाचला. चष्मा घालून तिसऱ्यांदा वाचला. लाभार्थी क्रमांक एक, चंदनबाई माणकचंद. हे नाव पण मीच लिहिलं होतं, पण त्याचं श्रेय कुणी देणार नाही मला.

"चावी दे," चंदनबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानातल्या चार माणसांनी चंदनबाईंना खुर्चीवर बसवून खाली नेलं. एकदाच नेऊ देईन, म्हणाल्या, रोज माझी पालखी निघायला मी काही देव नाही. खाली उतरल्यावर दारातल्या उन्हात पाच मिनिटं नुसत्या बसल्या. भाजीवाला ओळखायलाच तयार नाही, त्याने त्यांना जवळून कधी बघितलंच नव्हतं. दगडीबाईने चूल मांडली, म्हणजे शेगडी हो, मांडणी लागली, डबे लागले.

आणि शेठ? शेठ आपली कपड्यांची पिशवी घेऊन मागोमाग उतरले, उंबरठ्यापर्यंत आले आणि थांबले. एक पाय आत, एक बाहेर. कणमात्र लाभ! आजन्म! तिथूनच त्यांनी जळगावला फोन लावला, स्पीकरवर, अख्खी बिल्डिंग ऐकतेय. आत राहिलो तर? हितेंद्रभाई म्हणाले, तो प्रत्यक्ष लाभ झाला शेठजी, तुमचीच अट आहे. नुसतं बसलो तर? किती वेळ बसणार? बरं, जेवलो तर? जेवण कोण देणार? बायको. तर हितेंद्रभाई पहिल्यांदा खूश झाले, म्हणाले, बायको नातेवाईक आहे, पोळी दिली काय आणि सोनं दिलं काय, तिने दिलेलं सगळं माफ, प्रश्न फक्त जागेचा आहे. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरो ती अट, घरात कोण बघायला येतंय, आणि खुशाल आत जाऊन पाय पसरले असते. अर्पितने तेच सांगितलं, आणि या वेळी मुलगा म्हणून सांगितलं. शेठ म्हणाले, सरकारने बघितलं नाही तरी मी सभेत बोललोय. पिशवी उचलली आणि परत साठ पायऱ्या चढले. माझ्या दाराशी टेकलेसुद्धा नाहीत.

चातुर्मास बसला. तिसऱ्या दिवशी साध्वीजी आल्या, काठी टेकत, सोबत एक तरुण साध्वी. चंदनबाई दारात उभ्या, एका हाताने चौकट धरलेली. एकतीस वर्षं! मला वाटलं गळ्यात पडतील, पण तसं करायचं नसतं, साध्वीला बहीण नसते. पात्र पुढे आलं, बाईंनी एक पोळी वाढली. साध्वीजी म्हणाल्या, बस. बाईंचा हात काही थांबेना, आणखी एक. बस, बस. आणखी अर्धी. साध्वीजींनी पात्र झाकलं, क्षणभर बाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग स्वतःच्या, आणि जराशा हसल्या. मंगलपाठ म्हणून निघून गेल्या. चंदनबाई कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या, आणि तुम्हाला सांगतो, नऊ लाख काय आणि नव्वद लाख काय, त्या बाईच्या तोंडावरचं ते...जाऊ द्या. मला ते लिहिता येत नाही, मी दस्त लिहिणारा.

आणि त्याच दारात, साध्वीजी कोपऱ्यावर वळल्या न वळल्या तोच, मागे शेठ. हातात स्टीलचं ताट. उंबरठ्याच्या बाहेर. बाईंनी वाढलं आणि शेठ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून जेवायला लागले, कारण जिना सामाईक आहे, तिसऱ्या मजल्याबरोबर त्यात त्यांचा हिस्सा आहे, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. तेव्हापासून हाच क्रम. सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आत एकदा. आल्यागेल्याला वाकडं होऊन जावं लागतं, मलाही लागतं, पण बोलायचं कुणाला?

परवा मीच न राहवून विचारलं. म्हटलं शेठ, हे काही खरं नाही, नाशिकला एक मोठे वकील आहेत म्हणतात, कोर्टातून अट सैल करून आणतात, जाऊन बघू या का? शेठांनी घास गिळला. आतून चंदनबाईंचा आवाज आला, गरम आहे, आणखी एक वाढू का? शेठांनी ताट पुढे केलं, पोळी घेतली, आणि मला म्हणाले, "नको आबा. घरातला होतो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं ताट समोर आपटून निघून जायची. आता रोज विचारते, आणखी वाढू का. बाहेरच्या माणसाला विचारावंच लागतं."